दक्षिणेची चाल

त्या वर्षी उन्हाळा आमच्या बेटाला विसरलाच. गवत कापून पडलं होतं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कापलेलं गवत जमिनीवर भिजत राहिलं की काळं पडतं, त्याला कुबट वास लागतो, आणि मग हिवाळ्यात गाय त्याला तोंड लावत नाही. म्हणून सामल आणि मी रोज सकाळी उठून गवत तारांवर टांगत होतो. ओलं गवत ओंजळीत उचलायचं, झटकायचं, तारेवर टाकायचं, पुन्हा वाकायचं. पाणी मनगटावरून बाहीत शिरतं आणि कोपरापाशी साचतं. संध्याकाळी बोटांत कॉफीचा पेला धरवत नव्हता. मुलगा दूर समुद्रावर मासेमारीच्या मोठ्या जहाजावर, सून आणि नातवंडं शहरात. घरात आम्ही दोघं आणि गोठ्यात एक गाय.

सामलने तारेवर गवत टाकता टाकता एकदम म्हटलं, “एल्स्पा, परवा चर्चमध्ये एकही माणूस हसला नाही.”

“कशाला हसेल?”

“मी वाचताना दोन पानं एकदम उलटली. बायबलातला उधळ्या मुलगा घर सोडून गेलाच नाही आणि परत मात्र आला. बापाने रडत रडत त्याला मिठी मारली, वासरू कापलं. कशापायी कापलं, कुणाला कळलं असेल? पण सगळे गप्प. शेजारचा योआकिमसुद्धा गप्प.”

“मान ठेवतात तुझा.”

“मान नव्हे गं. कीव करतात. पूर्वी मी शिंकलो तरी योआकिम बाहेर आल्यावर नक्कल करायचा.”

ते खरंच होतं. मी स्वतः त्या दिवशी मान खाली घालून बुटाच्या नाडीकडे बघत बसले होते.

आमच्या गावात पाळकसाहेब महिन्यातून एकदा होडीने येतात, तेही समुद्राने येऊ दिलं तर. बाकीच्या रविवारी गावातलाच एक माणूस पुढे उभा राहून छापील प्रवचन वाचतो आणि गीतं उचलून देतो. तो आमचा वाचक. आधी सामलचे वडील वाचक होते, ते गेल्यावर सामल. वाचक नसेल तर चर्चला कुलूप लागतं आणि लोकांना डोंगर चढून पलीकडच्या गावात जावं लागतं. पलीकडच्या गावात तसंच झालं होतं आधी एकदा. त्यांचा वाचक मरेपर्यंत जागेवरून उठला नाही, मागे कुणी तयार नव्हतं, आणि काही वर्षं ते लोक वारावादळात आमच्याकडे यायचे. म्हातारी माणसं तर येईनाशीच झाली. सामलला त्याची धास्ती होती.

“मग वाचकाची जागा देणार कुणाला?” मी विचारलं.

“हाइनीला.”

माझ्या हातातलं गवत खाली पडलं. हाइनी म्हणजे आमच्या गावच्या मार्यूनचा नवरा, होड्या दुरुस्त करणारा. दक्षिणेच्या बेटावरून लग्न करून आमच्या गावात राहायला आलेला. त्याला पोरं झाली, घर झालं, तरी अख्खं गाव त्याला जावईच म्हणायचं. तो बोलायला लागला की पोरं त्याच्या दक्षिणी हेलाची नक्कल करत पळायची, आणि तो बिचारा हसायचा.

“योआकिम काय म्हणेल?”

“म्हणायचं ते म्हणेल. होडीत माझ्यामागे वल्हं मारताना तरी तो कधी गप्प असतो?” सामल खोकला, तारेला धरून उभा राहिला. “त्या पोराचा आवाज ऐकलायस तू? आणि तो वाचतो तेव्हा समजून वाचतो. माझं पाठांतर आहे नुसतं.”

दुसऱ्या दिवशी हाइनी आमच्या शेतात आला. सामलने विचारल्यावर त्याने आधी टोपी काढली, मग परत घातली.

“काका, नको. माझी चाल वेगळी आहे. तुम्हाला ठाऊक आहे.”

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गीतांच्या पुस्तकात नुसते शब्द असतात. चाल ज्या त्या गावाची, बापाकडून मुलाकडे आलेली. चर्चमध्ये बाजाची पेटी नाही, काही नाही. वाचकाने ओळ उचलायची आणि सगळ्यांनी सावकाश, लांबवत लांबवत त्याच्यामागून जायचं. आमच्याकडे तिसऱ्या ओळीला आवाज खाली उतरतो. दक्षिणेला तिथेच वर चढतो. हाइनी आला त्या पहिल्या रविवारी तो एकटाच वर चढला होता आणि अख्खं चर्च मान वळवून त्याच्याकडे बघत राहिलं होतं. तेव्हापासून तो ओठातल्या ओठात गायचा.

“चाल मी शिकवतो,” सामल म्हणाला. “गवत टांग. हात चालू दे, तोंडही चालू दे.”

मग ते दोघं तारेच्या दोन बाजूंना उभे राहून गायला लागले. पावसात. मी मध्ये गवत उचलून देत होते.

“वर कुठं निघालास? खाली उतर! वर तुझं गाव आहे, माझं गाव खाली आहे.”

“काका, सवय आहे हो.”

“सवय मोड. मार्यूनने तुझी मोजे कुठंही टाकायची सवय मोडली ना?”

हाइनी हसला की गाणं मोडायचं, मग सामल पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. असे कितीतरी दिवस गेले. हाइनी स्वतःचं काम उरकून यायचा, आमचं गवत वर टाकायचा, जाताना गायीचं पाणी भरून जायचा, आणि मी त्याला उकडलेले बटाटे आणि वाळवलेल्या मटणाचा तुकडा खाल्ल्याशिवाय सोडायची नाही. सामल त्याला आजारी माणसांच्या घरी घेऊन गेला, कुणाच्या उशाशी काय वाचायचं ते दाखवलं, कुणाच्या घरी जास्त बसायचं नाही तेही सांगितलं. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी हाइनीच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांपुढे प्रार्थना केली. सामलने चर्चची किल्ली त्याच्या हातात दिली आणि येऊन पुरुषांच्या बाजूला, योआकिमशेजारी बसला. मी पलीकडे बायकांच्या बाजूला डोळे पुसत होते. इतकं शहाणपण माझ्या नवऱ्याला देवाने म्हातारपणी दिलं, आणि वेळेवर दिलं, म्हणून मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी हाइनी एकटा उभा राहिला. वाचलं त्याने सुरेख. मग त्याने गीत उचललं, आमच्याच चालीत, अगदी नीट. पहिली ओळ गेली. दुसरी ओळ तो लांबवत होता, तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने सामलचा आवाज तिसऱ्या ओळीला उतरला. आणि अख्खं चर्च त्याच्यामागून उतरलं. हाइनी वर एकटाच राहिला. त्याने घाईने गाठलं, पुढच्या ओळीला पुन्हा तेच झालं. शेवटी शेवटी पुढे उभा असलेला माणूस बसलेल्या माणसाच्या मागून फरफटत चालला होता. त्याचे कान लाल झालेले मला बायकांच्या बाकावरून दिसत होते.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्या सोमवारी हाइनी शेतात आला तेव्हा त्याच्या हातात किल्ली होती, रुमालात गुंडाळलेली.

“काका, ही घ्या. मला नाही जमत.”

“काय नाही जमत? चांगलं तर वाचतोस.”

“वाचतो. पण गाववाले तुमच्यामागून गातात. मी तिथं उभा कशाला राहू?”

सामल खरोखर गोंधळला. “मी नुसता गातो रे. चर्चमध्ये माणसाने गाऊ नये की काय?”

हाइनीने किल्ली तशीच पुढे धरली. मग मीच बोलले. “तू गात नाहीस, सामल. तू ओढतोस. तुला कळत नाही, पण ओढतोस. आयुष्यभर पुढे चाललेला माणूस तू. तू श्वास घेतलास की योआकिम श्वास घेतो.”

सामलने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या थोबाडीत मारली असती तरी त्याने तसं बघितलं नसतं. त्याने किल्ली घेतली नाही. “ठेव तुझ्याकडे,” एवढंच म्हणाला, आणि गवताकडे वळला.

पुढच्या रविवारी तो चर्चला आलाच नाही. अंग दुखतंय म्हणाला. मी एकटी गेले. त्याला वाटलं होतं, आपण नसलो की हाइनीचा रस्ता मोकळा होईल. पण झालं भलतंच. सामलची जागा रिकामी दिसली आणि बाकाबाकावर कुजबुज सुरू झाली. हाइनीने गीत उचललं, कुणी धड गायलंच नाही. नुसतं गुणगुणले. हाइनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा गायला, आणि संपवलं तेव्हा त्याचा आवाज कोरडा पडला होता.

मी घरी पोचून शाल काढते न काढते तोच योआकिम दारात. शेजारी राहतो तो आमच्या, सामलच्या बरोबरीचा. दोघं एकाच होडीत म्हातारे झालेत.

“मला कळलंच होतं,” खुर्ची ओढत तो म्हणाला. “तुला जावई पसंत नाही. स्पष्ट सांग ना! रुसून घरी कशाला बसतोस?”

“कोण रुसलंय? अंग दुखत होतं माझं.”

“मला नको सांगूस. सगळं गाव ओळखतं. हे बघ, पाळकसाहेब आले की मी बोलतो. सामलच हवा म्हणून सांगतो. सगळे माझ्या बाजूने आहेत. तुझ्या बापाच्या जागेवर दक्षिणेचा माणूस? अरे, दोन पानं उलटलीस तरी तूच बरा. चार उलट! आम्हाला तुझा आवाज हवा.”

मी चुलीपाशी कॉफी ओतत होते. वळून सामलकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी पाठ सरळ झाली होती त्याची. तो नको म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. कॉफी पीत राहिला. योआकिम खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सामल शेतात कुणीतरी मागे लागल्यासारखा राबला. पाऊस बारीक होता, धुकं डोंगरावरून खाली घरांपर्यंत आलं होतं. आधी टांगलेलं गवत खालच्या बाजूने सडायला लागलं होतं. ते उतरवून, झटकून पुन्हा टांगायचं होतं. मी म्हटलं जरा थांब, तर ऐकेना. मग एकदम त्याचा श्वास अडकला. तो ओल्या जमिनीवरच बसला, पाय पसरून, पाठ खांबाला टेकवून. मी त्याची पाठ चोळत राहिले. ओठ निळसर झाले होते, ते हळूहळू परत नीट झाले.

“मला गोड वाटलं, एल्स्पा,” तो म्हणाला.

“काय गोड वाटलं?”

“योआकिम बोलत होता तेव्हा. दोन पानं उलटलीस तरी तूच बरा म्हणाला, आणि मला ते गोड वाटलं. लाज नाही मला.”

“माणूस आहेस तू.”

“आत्ता इथंच श्वास थांबला असता, तर? योआकिमने हाइनीला घालवलं असतं आणि पुढच्या आठवड्यात चर्चला कुलूप.” तो हाताने ओलं गवत उपटत बसला. “घरी बसलो तर रुसलो म्हणतात. तिथं बसलो तर ओढतो. तोंड शिवून बसू का?”

“तू तोंड मिटलंस तर त्यांना वाटेल तू मेलास,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तो पुन्हा खोकला.

“हाइनीला बोलाव,” तो म्हणाला.

हाइनी धावत आला. त्याला वाटलं सामलला काहीतरी झालं. सामल तसाच खांबाला टेकून बसलेला.

“जावई, तुझ्या गावात ते सकाळचं गीत कसं गातात?”

“आमच्या चालीत.”

“म्हण बघू.”

हाइनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने गायला सुरुवात केली, आधी दबकत, मग मोकळ्या गळ्याने. इतक्या वर्षांत तो आवाज आमच्या गावात असा मोकळा कुणी ऐकला नव्हता. तिसऱ्या ओळीला आवाज वर चढला आणि वरच थांबला, समुद्रावर पक्षी थांबतो तसा. सामल त्याच्याबरोबर गायला गेला आणि तिथेच खाली घसरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा घसरला.

“येत नाही मला,” तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर चोरून लोणी खाल्लेल्या पोरासारखं हसू. “अजिबात येत नाही. मला येत नाही, म्हणजे योआकिमलाही येत नाही. रविवारी हीच उचल.”

“काका, गाव मला उभं जाळेल!”

“गावाचं मी बघतो.”

“आणि तुमच्या वडिलांची चाल?”

सामलने खांबाला धरून पाठ सरळ केली. “ती तुला येते ना आता? मग ती कुठं जातेय? सांभाळ तू. शेवटच्या गीताला ती घे. पण आधी तुझी.”

रविवारी सामलने काळा कोट घातला, आणि चर्चमध्ये शिरल्यावर पुरुषांच्या बाजूला न जाता सरळ माझ्यामागून आला आणि बायकांच्या बाजूला, माझ्या शेजारी बसला. आमच्या गावात हे कुणी करत नाही. लग्नाच्या दिवशी वेदीपुढे उभे होतो तेवढेच. त्यानंतर या छपराखाली मी त्याच्या शेजारी कधी बसले नव्हते. बायका तोंडाला शालीचं टोक लावून हसायला लागल्या. पलीकडून योआकिम मोठ्याने म्हणाला, “काय रे सामल, विणकामाची सुई हवी का?” पुरुष खदाखदा हसले. सामलचं कपाळ लाल झालं, पण तो हलला नाही.

हाइनीने गीत उचललं. दक्षिणेच्या चालीत. पहिल्या ओळीलाच सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिसऱ्या ओळीला सामल मोठ्या आवाजात, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असा, चुकला. मुद्दाम नव्हे. तो मनापासून वर जायला बघत होता आणि त्याची आयुष्यभराची सवय त्याला खाली खेचत होती. तो थांबला. पुढे उभ्या असलेल्या हाइनीकडे तोंड वर करून बघत राहिला, शाळेतल्या मुलासारखा, आणि हाइनी वर पोचला तेव्हा त्याच्यामागून, जरा उशिरा, तिथं पोचला. सगळे सामलकडे बघत होते आणि सामल हाइनीकडे बघत होता. मग हळूहळू तेही हाइनीकडे बघायला लागले. बघण्याखेरीज इलाजच नव्हता. चौथ्या कडव्याला योआकिम वर चढला, बेसूर, पण चढला.

मी गाऊ शकत नव्हते. सामलने पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये धरलं होतं, त्याचा अंगठा चिरलेला, गवताच्या हिरव्या डागांनी भरलेला, ओळीवर सरकत होता. मध्येच माझ्या कानाशी वाकून त्याने विचारलं, “कुठवर आलो गं आपण?” मी बोटाने दाखवलं. माझं मन त्या क्षणी इतकं भरून आलं की मी मनातल्या मनात नुसतं “उपकार, देवा, उपकार” म्हणत होते. हा माणूस मला जिवंतपणी परत मिळाला होता.

शेवटच्या गीताला हाइनीने आमच्या गावाची चाल घेतली. ती तर सगळ्यांच्या रक्तात. दुसरी ओळ त्याने लांबवली, नेहमीपेक्षा जास्तच लांबवली. सामलच्या छातीत श्वास भरलेला मला जाणवला, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता. तो श्वास त्याने धरून ठेवला. पुरुषांच्या बाजूने कुणीच उतरलं नाही. सगळं चर्च त्या एका स्वरावर थांबलं होतं, आणि मग हाइनी उतरला आणि त्याच्यामागून आम्ही सगळे उतरलो.

त्या रात्री वारा फिरला आणि उत्तरेकडून कोरडा सुटला. सकाळी ऊन पडलं. सगळं गाव शेतात होतं. तारांवरचं गवत खडखडत होतं, त्याचा गोड वास सुटला होता. हाइनी खालच्या अंगाला त्याच्या सासऱ्याच्या शेतात गवताचे भारे बांधत होता. योआकिम कुंपणापलीकडे दंताळं ओढत होता आणि गुणगुणत होता. आम्ही कान दिला तर तीच, दक्षिणेची. तिसऱ्या ओळीला अडखळला, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच अडखळला.

“सामल,” शेवटी तो कुंपणावर रेलून ओरडला, “अरे, ते वर गेल्यावर पुढं कसं वळायचं? सांग ना!”

सामलला एव्हाना ती येत होती. आदल्या दिवशी संध्याकाळभर तो गोठ्यात गायीला ती ऐकवत होता, मी स्वतः ऐकलं होतं. त्याने तोंड उघडलं. मी हातातलं गवत तसंच धरून उभी राहिले.

“मला काय विचारतोस?” सामल म्हणाला. “वाचकाला विचार.”

योआकिमने डोकं खाजवलं. एकदा सामलकडे बघितलं, एकदा खालच्या शेताकडे. मग दंताळं कुंपणाला टेकवलं, पँटीला हात पुसले आणि हाइनीच्या शेताकडे चालायला लागला.